हुंडेभाडे: रस्त्यावरील मालवाहतुकीचा खर्च आणि चालकाचा पगार

जुन्या मराठी व्यापारी व्यवहारात ‘हुंडेभाडे’ हा शब्द एका विशिष्ट प्रकारच्या कराराला लावला जात असे. मालाचे भाडे, वाटेतली जकात, घाटातला कर, नदीवरच्या तरीचे पैसे आणि अशीच इतर किरकोळ देणी एका ठोक रकमेत बसवून, ठरल्या ठिकाणी माल पोचता करण्याचा पत्कर जो घेई तो हुंडेकरी. वाटेत खर्च कमी झाला तर उरलेली रक्कम त्याची, आणि जास्त झाला तर पदरमोडही त्याचीच, असा हा व्यवहार असल्यामुळे व्यापारी वाटेतल्या अनिश्चिततेतून मोकळा होत असे. ‘हुंडेकरी’ हा शब्द आज आडनावापुरता आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर माल सोडवून देणाऱ्या व्यावसायिकापुरता उरला असला, तरी त्यामागची रीत मात्र संपलेली नाही. गेल्या शतकभरात ती व्यापाऱ्याकडून ट्रान्सपोर्ट कंपनीकडे, कंपनीकडून मालमोटारीच्या मालकाकडे आणि मालकाकडून थेट चालकाकडे अशी पायरीपायरीने खाली उतरत गेली. भारतातील मालमोटारचालकाला वेतन किती मिळते, या प्रश्नाचे उत्तर पगारपत्रकात क्वचितच सापडते, आणि त्याचे मूळ या रीतीत आहे.

मोटार येण्यापूर्वी दख्खनच्या पठारावरील लांब पल्ल्याची वाहतूक मुख्यतः लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून कोकणच्या बंदरांकडे उतरे आणि परतीच्या वाटेवर त्याच बैलांवर मीठ चढे. या वाहतुकीचा दर कमी असे, याचे कारण बैल वाटेवरच्या पडीक रानात फुकट चरत आणि माणसे कुटुंबकबिल्यासह चालत असल्यामुळे स्वतंत्र मजुरी कुणाला द्यावी लागत नसे. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केल्यावर तांड्याची जागा हळूहळू बैलगाडीने घेतली. मात्र हिशेबाची पद्धत फारशी बदलली नाही. रब्बीची मळणी उरकल्यापासून मृग लागेपर्यंत रिकामा असलेला शेतकरी भाड्याची गाडी हाकीत असे. बैल घरचे, वैरण घरची आणि हाकणाराही घरचा, म्हणून या तिन्हींची किंमत भाड्यात धरायची नाही, हा त्याचा हिशेब होता. स्वतःच्या कष्टाला शून्य किंमत देणारा हा हिशेब पुढे एक-दोन गाड्यांच्या मालकांनी जसाच्या तसा उचलला, आणि रस्त्यावरच्या भाड्याचे दर दीर्घकाळ दबून राहण्याची ते एक मोठे कारण ठरले.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर लांब पल्ल्याचा माल लोहमार्गावर गेला आणि गाडीवानाकडे गावापासून स्टेशनापर्यंतचा टप्पा उरला. मालमोटार या पटावर उशिरा आली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत सुट्या भागांची जुळणी करण्याचा कारखाना काढला, आणि त्याच वर्षी मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते विकास समितीने आपला अहवाल सादर केला. रस्त्यांचा खर्च स्थानिक संस्थांना झेपणारा नसून तो मोटारींच्या इंधनावर कर बसवून उभारावा, या समितीच्या विचारानुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे अधिभार बसला आणि केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला. रस्त्याची किंमत इंधनातून वसूल करण्याचे जे तत्त्व आज डिझेलवरच्या उपकरांत दिसते, त्याचा आरंभ असा एका मराठी कायदेपंडिताच्या समितीतून झाला.

रस्त्यांची सुधारणा होत असतानाच रेल्वेच्या उत्पन्नाची चिंता सरकारला लागून राहिली होती. १९३२-३३ मधील मिचेल-किर्कनेस पाहणीने रस्ते आणि रेल्वे यांच्यातील स्पर्धेकडे लक्ष वेधले, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारीला परवान्याच्या चौकटीत आणले. सार्वजनिक वाहतूकदार म्हणजे भाड्याने इतरांचा माल नेणारा आणि खासगी वाहतूकदार म्हणजे केवळ स्वतःचा माल नेणारा, असा भेद या कायद्याने केला. १९४५ च्या ‘तत्त्वे आणि कार्यपद्धती’ संहितेने त्यापुढे जाऊन मालमोटारींना ७५ मैलांच्या टापूत मोकळीक दिली आणि त्यापलीकडचा पल्ला मुख्यतः रेल्वेसाठी राखला. याच १९३९ च्या कायद्यात चालकाने सलग ५ तासांहून अधिक वेळ गाडी न चालवता मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती घ्यावी, अशी तरतूद होती, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. रेल्वेच्या हितासाठी घातलेल्या अंतराच्या मर्यादेची अंमलबजावणी नाक्यानाक्यावर झाली. चालकाच्या विश्रांतीच्या तरतुदीसाठी मात्र नाका कधी उभारला गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर महायुद्धातून उरलेल्या लष्करी मालमोटारी बाजारात आल्या आणि फाळणीत विस्थापित झालेल्या अनेक पंजाबी कुटुंबांनी या धंद्यात पाय रोवले. १९५०-५१ मध्ये देशातील मालवाहतुकीचा सुमारे ८९ टक्के वाटा रेल्वेकडे होता. तो पुढील दशकांत उतरत जाऊन रस्त्याचे पारडे जड झाले, ते मालमोटारीच्या लवचीकपणामुळे जितके, तितकेच डिझेल इंजिनामुळे. टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपुरात मालमोटारी बनवण्यास सुरुवात केली. मद्रासची अशोक लेलँड त्याच सुमारास या क्षेत्रात उतरली. पेट्रोलपेक्षा डिझेल स्वस्त ठेवण्याचे धोरण दीर्घकाळ राहिल्याने दर किलोमीटरचा खर्च खाली आला आणि दूरचा पल्ला परवडू लागला.

तरीही त्या काळच्या मालकाच्या दृष्टीने सर्वांत महाग वस्तू डिझेल नव्हती, टायरही नव्हता, तर परवाना होता. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालण्यासाठी तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागे, शिवाय दोन्हीकडे कर भरावा लागे. परवाने मोजके असल्यामुळे त्यांना स्वतंत्र बाजारभाव आला. मिनू मसानी यांच्या समितीने १९५९ मध्ये परवाने सैल करण्याची शिफारस केली, पण राष्ट्रीय परवान्याची योजना यायला १९७५ साल उजाडले. या योजनेतही प्रत्येक राज्याची फी वेगळी भरावी लागत असे. संपूर्ण देशासाठी वर्षाला १५,००० रुपये अशी एकत्रित फी २०१० मध्ये लागू झाली. मधल्या काळात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना मिळणे सोपे केले. त्याचा एक परिणाम असा झाला की धंद्यात शिरणाऱ्यांची गर्दी वाढली आणि परवान्याच्या टंचाईमुळे जो थोडाफार नफा मालकाच्या हाती राहत असे, तोही चढाओढीत वाहून गेला.

जकातीचा प्रश्न याहून चिवट होता. रस्ते वाहतुकीवरील करांची चौकशी करणाऱ्या केसकर समितीने १९६७ च्या सुमारास जकात आणि तपासणी नाक्यांवरील खोळंब्याकडे लक्ष वेधले. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचे नाव रसिकांच्या लक्षात राहिले ते आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार करणारे मंत्री म्हणून. मालमोटारीच्या अर्थकारणाकडे त्यांच्या समितीने किती बारकाईने पाहिले, याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, पण मुंबईची जकात वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत टिकली, आणि तोवर मुलुंड, दहिसर, ऐरोलीच्या नाक्यांवर गाड्यांच्या रांगा लागत राहिल्या. उभ्या गाडीचा खर्च हा या धंद्यातला न दिसणारा खर्च होय, कारण चाक थांबले तरी कर्जाचा हप्ता, विमा आणि कर यांचे मीटर चालूच राहते. खेपेवर पैसे मिळणाऱ्या चालकाचे तर त्या दिवसाचे उत्पन्नच बुडते. रांगेत काढलेला दिवस त्याच्या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

येथे खर्चाची रचना थोडी उलगडून पाहणे आवश्यक आहे. मालमोटारीच्या खर्चाचे स्थिर आणि चालता असे दोन भाग पडतात. स्थिर खर्चात कर्जाचा हप्ता, विमा, रस्ता कर, परवाना व योग्यता प्रमाणपत्र, आणि चालत्या खर्चात डिझेल, टायर, ऑइल, दुरुस्ती, पथकर ही कलमे येतात. एकूण खर्चात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या डिझेलचा असतो. उत्पन्नाची बाजू मात्र मालकाच्या हातात नसते, कारण माल देणाऱ्या कारखानदाराशी त्याचा संबंधच येत नाही. कारखानदार करार करतो ट्रान्सपोर्ट कंपनीशी. कंपनीकडे स्वतःच्या गाड्या बहुधा थोड्या, म्हणून ती दलालामार्फत बाजारातून गाडी उचलते. अड्ड्यावर त्या दिवशी माल जास्त की गाड्या जास्त यावर भाडे ठरते, त्यातून दलालाची दलाली वजा होते, आणि भाड्याचा काही भाग आगाऊ मिळून उरलेला माल उतरवल्याची पोच परत आल्यानंतर मिळतो. परतीचे भाडे मिळाले नाही तर गाडी रिकामी आणायची किंवा परमुलखात दोन-तीन दिवस थांबायचे. अशा स्थितीत डिझेलचा दर तेल कंपनी ठरवते, हप्ता वित्तसंस्था ठरवते, पथकर सरकार ठरवते आणि भाडे अड्डा ठरवतो. मालकाला कमी-जास्त करता येईल असे एकच कलम उरते, ते म्हणजे चालक.

हे कलम कमी करण्याची रीत सरळ पगारकपातीची नव्हती. चालकाला महिन्याचा ठरावीक पगार दिला जाई, पण तो तुटपुंजा ठेवून त्याला खेप सुरू होताना ‘ट्रिप खर्च’ म्हणून ठोक रक्कम हाती दिली जाई. डिझेल, पथकर, नाक्यावरची ‘एंट्री’ म्हणजे चिरीमिरी, पंक्चर, ताडपत्री-दोर, स्वतःचे आणि क्लीनरचे जेवण, सगळे त्यातच भागवायचे आणि उरेल ते चालकाने ठेवायचे. हुंडेभाड्याची व्याख्या येथे जशीच्या तशी लागू पडते. फरक इतकाच की जुना हुंडेकरी भांडवल बाळगून असलेला, जोखीम ओळखून रक्कम ठरवणारा व्यावसायिक होता, तर चालक उचल घेऊन बांधला गेलेला नोकर. त्याने नोकराचा पगार घ्यायचा आणि कंत्राटदाराची जोखीम वाहायची.

या पद्धतीचे परिणाम रस्त्यावर दिसतात. मुंबई-दिल्ली हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटरचे आहे. समजा मालकाने लिटरला ४ किलोमीटरचे ‘अॅव्हरेज’ धरून ३५० लिटरचे पैसे दिले आणि चालकाने तेच ४.२ पर्यंत नेले, तर जवळपास १७ लिटर डिझेलचे पैसे त्याच्या खिशात राहतात. घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडून देण्याची खोड या १७ लिटरमध्ये जन्मते. उतारावर इंजिनाचा रोध नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून निकामी होतात, आणि बोरघाटात किंवा पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अपघात झाला की पोलिसांच्या पंचनाम्यात निष्काळजीपणाची नोंद होते. निष्काळजीपणा असतोच, पण त्यामागे एक वेतनपद्धतीही असते. केबिनमध्ये प्रवासी घेणे, झोप मारून रात्रभर चालवणे हीही त्याच हिशेबाची अंगे होत. २००७ मध्ये ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भारतीय शाखेसाठी झालेल्या पाहणीने मालमोटारींकडून उकळल्या जाणाऱ्या लाचेचा अंदाज वर्षाला सुमारे २२,२०० कोटी रुपये असा बांधला होता. ही रक्कम मोजून देणारा हात बहुतेक वेळा चालकाचा होता आणि ती देण्यात घासाघीस करून वाचवलेला प्रत्येक रुपया हा त्याच्या वेतनाचा भाग होता.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणता येत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्याच्या कामासाठी ती अनुक्रमे १० आणि ५४ तासांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली, जादा कामाला दुप्पट दराने मोबदला ठरवला, रजा आणि विश्रांतिगृहांची तरतूद केली. परंतु हा कायदा ५ किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगालाच आपोआप लागू होत असे. दोन गाड्या, दोन चालक आणि दोन क्लीनर मिळून चारच माणसे होतात. देशातील तीन चतुर्थांशांच्या आसपास गाड्या पाच किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकांकडे असल्याचे अंदाज वारंवार मांडले गेले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांवर हा उंबरठा ओलांडण्याची वेळच येत नसे. ज्यांच्यावर येई, त्यांना भावाच्या किंवा पत्नीच्या नावे गाडी घेऊन ती टाळता येई. १९८८ च्या कायद्याने कामाच्या तासांचे बंधन सर्व वाहतूक वाहनांना जोडले खरे, पण तासांची नोंदवही कुणी ठेवायची आणि कुणी तपासायची, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

राष्ट्रीय परवान्याच्या नियमांत गाडीवर किमान दोन चालक असावेत आणि एकाला पाठ टेकून झोपता येईल एवढी जागा केबिनमध्ये असावी, अशी अट होती. व्यवहारात दुसऱ्या चालकाच्या जागी क्लीनर बसे. ग्रामीण महाराष्ट्रात ज्याला ‘किन्नर’ म्हणतात तो हा पोरगेला उमेदवार जेवणखाण आणि किरकोळ पैशांवर टायर बदलत, काच पुसत, रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग धरत धंदा शिके. चालकांची नवी पिढी घडवणारी ही एकमेव शाळा होती आणि तिचा खर्च कुणाच्याही ताळेबंदात नव्हता. भाडी घटली तसे मालकांनी क्लीनर कमी केले, आणि २०१८ मध्ये दोन चालकांची अटही काढून टाकण्यात आली. आज चालक मिळत नाहीत अशी जी तक्रार धंद्यात सर्वत्र ऐकू येते, तिचे एक कारण ही बंद पडलेली शाळा आहे.

याउलट त्याच गाडीत माल चढवणाऱ्या हमालाची कहाणी महाराष्ट्रात निराळी घडली. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. हमालालाही एकच मालक नसतो आणि तोही दिवसात अनेकांचा माल उचलतो, हे ओळखून या कायद्याने माथाडी मंडळे स्थापली. मालधनी मजुरीबरोबर लेव्ही म्हणून ठरावीक टक्के रक्कम मंडळात भरतो, आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा मिळते. विखुरलेल्या मालकांच्या धंद्यात कामगाराला संरक्षण कसे द्यावे, याचे इतके नेमके उत्तर हाताशी असूनही ते चालकाला कधी लागू झाले नाही. हमाल सकाळ-संध्याकाळ एकाच बाजारात, एकमेकांच्या सोबतीने असतो. चालक एकटा आणि रोज वेगळ्या गावी असतो, म्हणून संघटनेची पहिली अटच त्याच्या वाट्याला येत नाही. त्यातच माल उतरवताना चालकाकडून ‘वाराई’ घेण्याची रूढी पडली. हमाली मालधन्याने दिलेली असली तरी ही वेगळी रक्कम चालकाच्या ट्रिप खर्चातून जाई, आणि ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा या रूढीविरुद्ध निघाली. एका कष्टकऱ्याची वरकमाई दुसऱ्या कष्टकऱ्याच्या पगारातून वजा व्हावी, असा हा तिढा आहे आणि त्यात दोघांपैकी कुणालाही सरसकट दोषी ठरवणे अन्यायाचे होईल.

भाडे वाढत नसेल तर वजन वाढवायचे, हा मालकांचा दुसरा मार्ग होता. काही राज्ये पैसे घेऊन जादा भाराला सवलत देत, त्या प्रथेला २००५ मध्ये परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आळा घातला. पुढे २०१८ मध्ये केंद्र सरकारनेच दोन आसांच्या गाडीचे कमाल एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन आणि तीन आसांच्या गाडीचे २५ वरून २८.५ टन केले. वहनक्षमता अशी एका आदेशासरशी वाढल्यामुळे बाजारात गाड्या जास्त झाल्या आणि टनामागे भाडे आणखी घसरले.

गेल्या दशकातील बदल खर्चाच्या दृष्टीने मोठे आहेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले, त्यामुळे खेप निघताना धरलेला हिशेब पोचेपर्यंत टिकेल याची खात्री राहिली नाही. वस्तू व सेवा करानंतर राज्यांच्या सीमेवरील विक्रीकर नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. डिझेल कार्डावर भरले जाऊ लागले आणि गाडी कुठे, किती वेळ उभी आहे हे मालक मोबाइलवर पाहू लागला. मालकाच्या हाती प्रथमच खर्चाचा खरा आकडा आला. पण पथकर आणि डिझेल ट्रिप खर्चातून बाहेर पडताच त्यांतून उरणारी चालकाची बचतही बाहेर पडली, आणि तिच्या बदल्यात मूळ पगार तितकाच वाढवण्याचे बंधन कुणावर आले नाही. हुंडेभाड्यातला नफा असा काढून घेतला गेला. उशीर, मालाची तूट, ‘एंट्री’, अपघात ही त्यातली जोखीम मात्र चालकाकडेच राहिली. जीवघेण्या अपघातानंतर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद भारतीय न्याय संहितेत आल्यावर जानेवारी २०२४ च्या आरंभी चालकांनी उत्स्फूर्तपणे गाड्या उभ्या केल्या आणि दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. मालकांच्या संघटनांच्या आजवरच्या बंदांपेक्षा हा बंद वेगळा होता, कारण तो भाड्यासाठी किंवा डिझेलच्या दरासाठी नव्हता. त्यानंतर ते कलम लागू करणे सरकारने लांबणीवर टाकले.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा अनिवार्य झाली आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, १९६१ चा कायदा पोटात घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता अमलात आली. तिच्या व्याख्येत मोटार वाहतूक उद्योगासाठी कामगारसंख्येचा उंबरठा ५ वरून १० वर गेला आहे.